लग्नाची सीडी आणि जगाचे आठ तुकडे

२००६ च्या डिसेंबरात कोल्हापूरला माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं. महिन्याभराने शूटिंगवाल्याने तीन डीव्हीडींचा संच आणून दिला. होत्या डीव्हीडी, पण घरात सगळे ‘लग्नाची सीडी’च म्हणायचे, जसं त्याआधीच्या लग्नांना ‘कॅसेट’ म्हणायचे. एक संच आत्याला न्यू जर्सीला पाठवला. तिला त्या वर्षी रजा मिळाली नव्हती आणि घरातलं लग्न चुकल्याची रुखरुख तिला लागून राहिली होती. पाकीट पोहोचलं त्या रात्री तिचा फोन आला. तिच्या प्लेअरने तबकडी आत घेतली, फिरवली आणि टीव्हीवर काळंपांढरं काहीतरी खालून वर सरकत राहिलं. “अरे, मुंडावळ्या ओळखू येतायत, पण नवरी ओळखू येत नाही,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या मे महिन्यात ती आली तेव्हा भाच्यासाठी इंग्रजी कार्टूनच्या चार डीव्हीडी घेऊन आली. त्या आमच्या प्लेअरमध्ये घातल्या. या वेळी चित्र सरकलं नाही, कारण चित्र आलंच नाही. पडद्यावर एक ओळ उमटली, की ही तबकडी या विभागासाठी नाही. भाचा रडायला लागला. आमच्याकडची तबकडी तिकडे चालत नाही आणि तिकडची इकडे चालत नाही, यावर घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं: “फॉरमॅट वेगळा असतो.”

त्या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळी दुखणी होती, हे मला फार उशिरा कळलं. आत्याच्या टीव्हीवर सरकणाऱ्या चित्राचं मूळ शोधत गेलं की आपण एकोणिसाव्या शतकातल्या वीजघरांपर्यंत पोहोचतो. भाच्याला रडवणाऱ्या त्या ओळीचं मूळ मात्र एका बाइटमध्ये आहे, आठ शून्य-एकांच्या जागेत.

आधी तबकडीबद्दल, कारण तिचा यात काहीच दोष नाही. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीत एक सर्पिल वाट असते. वाटेचा एक फेरा आणि पुढचा फेरा यांत अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे जवळजवळ शंभर फेरे बसतात. त्या वाटेवर खळगे असतात आणि सगळ्यात आखूड खळगा ०.४ मायक्रॉन लांबीचा. ही वाट उलगडून सरळ पसरली तर एका थरातच पावणेबारा किलोमीटरच्या आसपास भरते. सीएसएमटीहून निघालो तर माटुंगा मागे टाकून शीव जवळ आलेलं असेल. लाल रंगाचा लेसर आतल्या कडेकडून सुरुवात करतो आणि बाहेर बाहेर सरकत ही वाट वाचतो. कोल्हापूरच्या तबकडीत खळग्यांच्या जागी रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेल्या खुणा होत्या, पण वाचायची रीत तीच. ही रीत टोकियोत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत तंतोतंत सारखी आहे. आत्याच्या प्लेअरने आमच्या लग्नाची प्रत्येक खूण बिनचूक वाचली असणार. गाडी अडली ती वाचून झाल्यावर.

टीव्हीचा जन्म झाला तेव्हा एक अडचण होती. घरातली वीज एका दिशेने वाहत नाही, ती पुढेमागे हेलकावते. भारतात आणि युरोपात सेकंदाला ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा. सुरुवातीच्या संचांत या हेलकाव्याची सावली चित्रात शिरायची आणि एक अंधूक पट्टा पडद्यावर दिसायचा. चित्र रंगवण्याचा वेग विजेपेक्षा वेगळा असला तर तो पट्टा सतत वरखाली रेंगाळत राहतो. वेग सारखा असला तर पट्टा एका जागी स्थिर होतो आणि डोळा त्याला विसरतो. म्हणून अमेरिकेने सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचं ठरवलं आणि युरोपाने ५० वेळा. आत्याच्या टीव्हीला ६० ची सवय होती. आमच्या तबकडीतून ५० च्या लयीत चित्र येत होतं. पडदा भरण्याची वेळ आणि चित्र संपण्याची वेळ जुळेना, म्हणून चित्र घसरत राहिलं.

मग अमेरिकेत ६० आणि युरोपात ५० का? याचं उत्तर १८९० च्या दशकात सापडतं. तिकडे वेस्टिंगहाऊसने ६० धरलं, इकडे बर्लिनच्या एईजीने ५०. त्या काळात किती वारंवारितेची वीज बनवावी याला काही नियम नव्हता. ज्याने जनित्र विकलं त्याचा आकडा त्या मुलखात रुजला. जपानचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. टोकियोच्या वीज कंपनीने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाच्या कंपनीने अमेरिकन. आजही फुजी नदीच्या आसपास देशाचे दोन भाग होतात, पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन खरेदी अधिकाऱ्यांनी दोन वेगळ्या ठिकाणी सह्या केल्या आणि त्या सह्या अजून भिंतीतल्या प्लगमधून वाहतायत.

युरोपने आणि नंतर भारताने सेकंदाला कमी वेळा पडदा रंगवायचं ठरवल्यावर त्या बदल्यात चित्रात जास्त रेघा घेतल्या: ६२५. अमेरिकेच्या ५२५. दोन्ही आकडे विचित्र वाटतात, पण ६२५ म्हणजे चार वेळा पाच आणि ५२५ म्हणजे तीन, पाच, पाच, सात यांचा गुणाकार. व्हॉल्व्हच्या काळात वारंवारिता अशा लहान लहान विषम आकड्यांनी टप्प्याटप्प्याने भागणं सोपं होतं, म्हणून हे आकडे. आता गुणाकार करून बघा. पडदा एका खेपेला अर्ध्याच रेघांनी रंगतो, म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, प्रत्येकात ६२५ रेघा: १५,६२५. अमेरिकेत ३० चित्रं, ५२५ रेघा: १५,७५०. जवळजवळ सारखं! दोन्ही जगांत सेकंदाला तितक्याच रेघा ओढल्या जात होत्या, फक्त त्यांची वाटणी वेगळी होती. जुना टीव्ही शेजारच्या खोलीत चालू असला की लहानपणी कानाला एक बारीक शिट्टी जाणवायची, मोठ्यांना ती ऐकू यायची नाही. ती याच १५,६२५ ची शिट्टी होती. आत्याच्या नातवंडांनी त्यांच्या घरी ऐकली असेल तर ती किंचित वरच्या स्वराची.

पुढे रंग आला आणि अमेरिकेत एक गोष्ट घडली, जिचा माग आज आपल्या मोबाइलमध्येही दिसतो. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत मंजूर झाली तेव्हा लोकांच्या घरात लाखो कृष्णधवल संच होते. ते टाकाऊ होता कामा नयेत, ही अट होती. अभियंत्यांनी जुन्या लहरीतल्या मोकळ्या फटींमध्ये रंगाची लहर बसवली. पण आवाजाची लहर ४५ लाख हर्ट्झवर होती, आणि रंग व आवाज यांच्या संगतीतून चित्रात ठिपके उमटायची भीती होती. आवाजाला हात लावता येत नव्हता, कारण जुने संच तिथेच कान लावून बसले होते. ४५ लाखांना १५,७५० ने भागलं तर २८५.७१ येतं. ते नेमकं २८६ आलं, तर ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात. म्हणून त्यांनी रेघांचा वेग किंचित कमी केला, १५,७५० वरून १५,७३४ वर. त्याबरोबर सगळंच एक हजारांशाने मंदावलं आणि ३० चित्रांची २९.९७ झाली. एखाद्या मोबाइलने काढलेल्या व्हिडिओची माहिती उघडून पाहिली आणि तिथे २९.९७ दिसलं, तर तो आकडा कुठून आला हे आता तुम्हाला माहीत आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल संचांच्या मालकांना दिलेला तो शब्द आहे.

एनटीएससीत वाटेत लहर थोडी जरी सरकली तरी रंग बदलायचा, चेहरे हिरवट व्हायचे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६३ मध्ये यावर तोड दाखवली. एका रेघेत रंगाची लहर सुलट, पुढच्या रेघेत उलट. चूक झालीच तर एका रेघेत ती एका बाजूला आणि दुसऱ्या रेघेत विरुद्ध बाजूला होते, आणि दोन्ही मिळून एकमेकींना पुसून टाकतात. हीच पाल पद्धत. तिला स्वतःचं नाव का दिलं नाही असं ब्रूख यांना विचारल्यावर, ‘ब्रूख’चा जर्मन अर्थ मोडतोड असा आहे आणि मोडतोड पद्धतीचा टीव्ही कोण घेईल, असं त्यांनी सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी, भारतात रंगीत टीव्ही आला तो याच पद्धतीने.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की कोल्हापूरच्या तबकडीत पाल होतं आणि आत्याचा संच एनटीएससीचा होता, मिटला प्रश्न. मीही बरीच वर्षं हेच समजत होतो. मग एक दिवस कळलं की डीव्हीडीत पाल नसतंच! तबकडीवर असतात नुसते अंक. रंगाची ती उलटसुलट लहर तबकडीत कुठेच नाही; तबकडी वाचून झाल्यावर प्लेअरमधली एक चिप ती लहर तयार करते आणि तारेतून टीव्हीकडे पाठवते. वेष्टनावर ‘पाल’ छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की आतल्या चित्रांचं माप ७२० गुणिले ५७६ ठिपके आहे आणि ती सेकंदाला २५ आहेत. ‘एनटीएससी’ छापलेलं असेल तर ७२० गुणिले ४८० आणि सेकंदाला ३०, काटेकोर बोलायचं तर २९.९७.

हे आकडे मी एका दुपारी सहज गुणून पाहिले. ७२० गुणिले ५७६ गुणिले २५: १ कोटी ३ लाख ६८ हजार. ७२० गुणिले ४८० गुणिले ३०: १ कोटी ३ लाख ६८ हजार. मी दोनदा तपासलं. एका ठिपक्याचाही फरक नाही.

हा योगायोग नव्हता. टीव्हीचं चित्र अंकांत कसं उतरवायचं हे ठरवण्यासाठी जगभरचे अभियंते एकत्र बसले आणि १९८२ मध्ये त्यांनी एक शिफारस मान्य केली. आधी प्रत्येक बाजू आपापल्या रंगलहरीच्या हिशेबाने नमुने घेऊ पाहत होती. शेवटी सगळे एका आकड्यावर आले: सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, दोन्ही जगांसाठी तोच. आपल्याकडे एका रेघेला ८६४ नमुने पडतात. ८६४ गुणिले ६२५ गुणिले २५ म्हणजे बरोबर १ कोटी ३५ लाख. अमेरिकेत एका रेघेला ८५८. ते ५२५ ने गुणलं की ४,५०,४५० येतात, आणि इथे मला खरोखर उठून उभं राहावंसं वाटलं. अमेरिकेचा तो वाकडा वेग म्हणजे ३०,००० भागिले १००१. आणि ४,५०,४५० ला १००१ ने भागलं तर बाकी शून्य, उत्तर ४५०. तीस वर्षं सगळ्यांना छळणारा तो १००१ या गुणाकारात विरघळून जातो आणि उरतात तेच १ कोटी ३५ लाख. विजेच्या हेलकाव्याने दुभंगलेली दोन जगं अंकांच्या पातळीवर कुणीतरी इतक्या हळुवारपणे जोडली होती, की सांधा दिसू नये.

त्यामुळेच लॅपटॉपला काही अडचण येत नाही. त्याला लहर बनवायची नसते, विजेच्या लयीशी देणंघेणं नसतं; तो अंक वाचतो आणि पडद्याच्या ठिपक्यांवर मांडतो. आत्याच्या मुलाने तिसऱ्या दिवशी तबकडी आपल्या लॅपटॉपमध्ये घातली आणि सगळं घर त्या पंधरा इंची पडद्यासमोर दाटीवाटीने बसलं. नवरी ओळखू आली.

लग्नाचं शूटिंग व्हिडिओ कॅमेऱ्यावर होतं. सिनेमाची कथा निराळी, कारण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. तो ना २५ च्या घरचा, ना ३० च्या. दोन्ही जगांनी त्याला आपापल्या घरात घेताना काय केलं हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतं.

अमेरिकेत पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, एका खेपेला अर्ध्या रेघा. २४ चित्रं ६० खेपांत वाटायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच. अडीच खेपा देता येत नाहीत. म्हणून पहिल्या चित्राला दोन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. चार चित्रांत दहा खेपा. दोन-तीन-दोन-तीन. तबल्याशी थोडीही ओळख असलेल्याच्या डोक्यात इथे घंटा वाजेल, कारण हा झपताल आहे: दहा मात्रा, चार विभाग, दोन-तीन-दोन-तीन. अमेरिकेच्या टीव्हीवर सिनेमा झपतालात चालतो, सेकंदाला सहा आवर्तनं. कॅमेरा संथपणे डोंगररांगेवरून फिरत असेल तर त्या लयीचा बारीक हिसका डोळ्याला जाणवतोही.

५० च्या जगाने दुसरा मार्ग धरला. २४ आणि २५ यांत अंतर ते किती, सिनेमाच थोडा जोरात पळवायचा. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. पण चित्राबरोबर आवाजही पळतो आणि वेगवेगळी दुरुस्ती केली नाही तर स्वर चढतो. किती? २५ भागिले २४ एवढा. पेटीवर पांढरी एकमधलं गाणं निघतं ते काळी एकच्या दिशेने, आणि तिथवर न पोहोचता मध्येच कुठेतरी थांबतं. पेटीवर तो स्वर सापडणार नाही. पण श्रुतींचा विचार करणाऱ्यांना तो अनोळखी नाही: डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या मांडणीत जी तीन अंतरं येतात त्यांपैकी न्यून श्रुतीचं गुणोत्तर नेमकं हेच आहे, २५ भागिले २४. रेडिओवर ऐकलेलं गाणं टीव्हीवरच्या सिनेमात थोडं निराळं, थोडं उतावीळ वाटायचं, तेव्हा तो भास नसण्याची शक्यता बरीच होती. टीव्हीने गाण्याला एका श्रुतीने वर ढकललं होतं.

मग अमेरिकेतल्या एनटीएससी तबकड्या आपल्याकडे दिसायच्या कशा? कारण आपले संच दोन्ही भाषा शिकले होते. आशियात विकले जाणारे रंगीत टीव्ही अनेक देशांचा विचार करून बनायचे. कुणाकडे जपानहून व्हीसीआर यायचा, कुणाकडे अमेरिकेहून कॅसेट. त्यामुळे मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या खाचांतून एनटीएससी आलं तरी आमचा टीव्ही बिनतक्रार ५० सोडून ६० ची लय धरायचा. अमेरिकेतल्या संचांना आणि प्लेअरना सहसा एकच भाषा यायची, कारण दुसरी शिकण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. ज्याची बाजारपेठ मोठी, त्याच्याशी बोलायला बाकीचे त्याची भाषा शिकतात. हिंदी सिनेमाच्या व्यापाऱ्यांनी हे ओळखलं होतं, म्हणून त्या काळातल्या कितीतरी हिंदी डीव्हीडी भारतात तयार होऊनही एनटीएससी असायच्या आणि वेष्टनावर ‘सर्व विभागांसाठी’ असं छापलेलं असायचं. दादरमध्ये घेतलेली तबकडी एडिसनमध्येही चालली पाहिजे, हा साधा हिशेब. कोल्हापूरच्या शूटिंगवाल्याला कुणी हे सांगितलं नव्हतं.

आता भाच्याच्या कार्टूनकडे. आमच्या टीव्हीला एनटीएससी समजत होतं, आमचा प्लेअर ६० च्या लयीत चित्र काढू शकत होता, तबकडी स्वच्छ वाचली गेली होती. अडचण कुठलीच नव्हती. तरी नकार आला.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानच्या दुकानांत आली आणि १९९७ च्या वसंतात अमेरिकेत. त्याआधीच हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी एक अट घातली होती. तेव्हा सिनेमा सगळीकडे एकाच दिवशी लागत नसे. फिल्मची अवजड रिळं अमेरिकेत फिरून झाली की पुढच्या देशात जायची, कधी सहा महिन्यांनी. इकडे थिएटरात सिनेमा लागण्याआधीच तिकडची डीव्हीडी इथल्या घरांत पोहोचली तर तिकीट कोण काढणार, ही त्यांची धास्ती. शिवाय देशागणिक किमती वेगळ्या ठेवायच्या होत्या. म्हणून जगाचे विभाग पाडले. पहिला अमेरिका आणि कॅनडा. दुसऱ्यात युरोप, जपान, आखाती देश, दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यात आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. चौथ्यात लॅटिन अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पाचव्यात भारत, शेजारचे देश, रशिया आणि बराचसा आफ्रिका. सहावा चीन. सातवा राखीव. आणि आठवा, कल्पना करा, विमानं आणि बोटी.

हा नकाशा एखाद्या मराठी कुटुंबावर ठेवून बघा. आजीआजोबा पुण्यात, म्हणजे पाच. मोठा मुलगा न्यू जर्सीला: एक. मधली मुलगी दुबईला: दोन. धाकटा सिंगापूरला: तीन. नात मेलबर्नला शिकतेय: चार. एकाने दुसऱ्याला विकत घेऊन पाठवलेली विभागवार तबकडी तिथल्या प्लेअरवर चालायची नाही.

या कुलपाचं यंत्र बघायला मिळालं तेव्हा मला आधी राग आला आणि मग त्याच्या साधेपणाचं नवल वाटलं. तबकडीवर सुरुवातीची एक फाइल असते, त्यातला छत्तिसावा बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठ विभाग. प्रत्येक बिट एका विभागाचा पहारेकरी. शून्य असेल तर या, एक असेल तर तुम्हाला बंदी. प्लेअरच्या पोटात त्याच्या विभागाचा आकडा लिहिलेला असतो. तो आपला पहारेकरी शोधतो, त्याच्याकडे बघतो आणि सगळं वाचता येत असूनही थांबतो. अब्जावधी खुणा मावतील अशा तबकडीवर त्या आठ खुणांनी एवढी मोठी भिंत उभी केली होती. ५० आणि ६० च्या त्या पहिल्या कुलपाबद्दल मला आदर वाटतो. ते कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं आणि ते उघडण्यासाठी माणसं मनापासून झटली. हे दुसरं कुलूप, त्या सगळ्यांनी इतक्या कष्टाने एक केलेल्या तबकडीवर, फक्त व्यापारासाठी घातलं गेलं.

ते फार घट्ट बसलंही नाही. एकाच कारखान्यात सगळ्या जगासाठी प्लेअर बनत असेल तर आठ वेगळी यंत्रं कोण बनवणार? यंत्र एकच असायचं, विभागाचा आकडा शेवटी स्मृतीत भरला जायचा. म्हणजे तो बदलायचीही काहीतरी सोय असणार. आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी आमच्या प्लेअरचा खण बाहेर काढला, रिमोटवर चार-पाच आकडे दाबले, आणि पडद्यावर एक अनोळखी यादी उमटली. त्यात एक पाच होता. त्यांनी त्या जागी शून्य केला. भाच्याचं कार्टून सुरू झालं. मी काकांकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते. दगडाखालून झरा काढून दाखवणाऱ्या माणसाकडे असंच बघत असतील. ऑस्ट्रेलियात तर स्पर्धा आयोगाने या कुंपणाविषयी उघड शंका घेतली आणि सर्व विभागांचे प्लेअर तिथल्या दुकानांत सहज मिळू लागले.

मग स्टुडिओंनी पुढची चाल केली. डीव्हीडीच्या प्लेअरमध्ये एक छोटं गणकयंत्र असतं, तबकडीवरच्या आज्ञा पाळणारं. २००० च्या सुमारास काही तबकड्या स्वतःच प्लेअरला विचारू लागल्या: तुझा विभाग कोणता? “सगळे,” असं उत्तर देणाऱ्या प्लेअरला त्या आत घेत नसत. त्यांच्यासाठी प्लेअरला नेमकं “एक” म्हणायला शिकवावं लागायचं.

संगणकाच्या ड्राइव्हमध्ये हे कुलूप जास्त निर्दय होतं. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता यायचा, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो विभाग निवडला तो कायमचा. पुण्यात घेतलेला लॅपटॉप घेऊन अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांनी एकदा भारतातली, एकदा तिथली, पुन्हा भारतातली तबकडी बघता बघता तो शेवटचा बदल कधी वापरला हे त्यांना कळलंही नाही.

तबकडीवरच्या अंकांना आणखी एक कुलूप असायचं, गुप्तलेखनाचं. ते विभागांपेक्षा वेगळं होतं, आणि ते १९९९ मध्ये उघडलं. त्यात हात होता नॉर्वेच्या योन लेक योहान्सेन या पंधरा वर्षांच्या मुलाचा. लिनक्सवर डीव्हीडी चालाव्यात हा त्याचा आग्रह होता. त्याच्यावर खटला झाला. २००३ मध्ये न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. पैसे देऊन घेतलेली तबकडी आपल्या यंत्रावर बघणं हा गुन्हा नाही, असं ओस्लोतल्या न्यायाधीशांना वाटलं, आणि मला ते वाचून आत्याचा फोन आठवला.

या भिंतीला थोरामोठ्यांचाही अपवाद नव्हता. २००९ च्या मार्चमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन वॉशिंग्टनला गेले, तेव्हा बराक ओबामांनी त्यांना पंचवीस गाजलेल्या अमेरिकन सिनेमांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी नंतर बातमी दिली की घरी जाऊन लावल्यावर त्या चालल्याच नाहीत. विभाग एक, प्लेअर दोनचा.

पुढे ब्लू-रे आली तेव्हा आठाचे तीन विभाग झाले आणि भारत रशिया व चीनबरोबर ‘सी’मध्ये गेला. त्यानंतरच्या फोरके तबकडीत विभाग ठेवलेच नाहीत. आजचे सपाट टीव्ही ५० आणि ६० दोन्ही लयी धरतात. आता सिनेमा तारेतून येतो आणि तुम्ही कुठे आहात हे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून ओळखून दार उघडतो किंवा बंद करतो; तिथे रिमोटवर आकडे दाबणारे काका उपयोगाचे नाहीत.

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. कपाट आवरताना लग्नाच्या तबकड्यांचा आमचा संच सापडला आणि त्याच खणात भाच्याच्या कार्टूनची एक. भाचा आता नोकरीला आहे. मी जुना ड्राइव्ह संगणकाला जोडला, आधी कार्टूनची तबकडी घातली आणि ती सुरुवातीची फाइल उघडून छत्तिसाव्या बाइटपर्यंत गेलो. सात पहारेकरी उभे, फक्त अमेरिकेचा बसलेला: १११११११०. आत्या खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली होती. मग लग्नाची तबकडी घातली, तीच फाइल उघडली, तोच बाइट.

“काय लिहिलंय?” आत्याने विचारलं.

“शून्य,” मी म्हणालो. “आठही शून्य.”

शूटिंगवाल्याने जगात कुणालाच अडवलं नव्हतं. मी फाइल बंद केली आणि आम्ही लग्न लावलं.